रोम पडल्यानंतरची लढाई

रोम, शुक्रवार

पियात्झा व्हेनेत्सियात मेट्रोचं काम चाललंय. अर्धा चौक पत्रे ठोकून बंद केलाय आणि त्या पत्र्यांच्या वर पालाझ्झो व्हेनेत्सियाची ती गॅलरी दिसते. जुन्या चित्रफितींत वाटते त्याच्या निम्मीही नाही. १० जून १९४० च्या संध्याकाळी मुसोलिनीने इथूनच फ्रान्स आणि ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. जर्मन फौजा तेव्हा पॅरिसच्या दारात होत्या, फ्रान्स कोसळलेलाच होता. युद्ध संपत आलंय, आत्ता उडी मारली तर वाटणीच्या वेळी पंगतीत पान मिळेल, असा हिशेब. १९३५ मध्ये अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आताच्या इथिओपियावर, चढाई केली तेव्हा राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, पण नेमकं तेल त्यातून वगळलं. त्यामुळे आपल्याला कोणी काही करत नाही, ही या माणसाची खात्री झाली होती. पुढे हिटलरशी मैत्री, मे १९३९ मध्ये पोलादी करार, आणि मग ही गॅलरी.

आपल्याकडे तर गॅलरीचीही गरज पडली नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. कुणालाही न विचारता. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि तिकडे भरती सुरू झाली. दोन लाखांच्या आसपास असलेली भारतीय फौज युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांवर गेली. त्यातले पन्नास हजारांहून जास्त इटलीत लढले. आमच्या सातारा जिल्ह्यात, कोकणात, नगरकडे अशी कितीतरी घरं आहेत जिथे ‘आजोबा इटलीत होते’ एवढंच माहीत असतं. इटलीत कुठे, हे कुणालाच सांगता येत नाही. ते ‘कुठे’ बघायला म्हणून ही सहल.

आम्ही दोघं नवराबायको, आणि गाडी चालवायला मेव्हणा. तो बोलोन्यात पॅकेजिंगची यंत्रं करणाऱ्या कंपनीत आहे, इटालियन झकास बोलतो आणि इतिहासाशी त्याचं काही देणंघेणं नाही. “दाजी, जिथे म्हणाल तिथे नेतो, फक्त दुपारी एक ते अडीच जेवण,” ही त्याची एकच अट.

कासिनो, शनिवार

रोमपासून दीडेक तास. उजवीकडे-डावीकडे डोंगर, मधे लिरी नदीचं सपाट खोरं, आणि खोऱ्याच्या तोंडावर साधारण पाचशे वीस मीटर उंचीवर मठ. दक्षिणेकडून रोमला जाणारा मोठा रस्ता इथूनच जातो. जागा बघितली की चार लढाया इथेच का झाल्या ते नकाशाशिवाय कळतं: वर बसलेल्या माणसाला खालची सायकलसुद्धा दिसते.

दोस्त राष्ट्रांच्या फौजा जुलै १९४३ मध्ये सिसिलीत उतरल्या, २५ जुलैला मुसोलिनीची गच्छंती झाली, ८ सप्टेंबरला इटलीची शरणागती जाहीर झाली. इथेच युद्ध संपायला हवं होतं. पण जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि त्यांचा सेनापती केसेलरिंग याने ठरवलं की मागे हटायचं, पण नदीनदीला, डोंगराडोंगराला किंमत वसूल करत. चर्चिल इटलीला शत्रूचं मऊ पोट म्हणत होते. नकाशा बघून म्हटलं असावं.

१५ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकन विमानांनी मठ जमीनदोस्त केला. इ. स. ५२९ मध्ये संत बेनेडिक्टने स्थापलेला. आत जर्मन सैनिक नव्हते, आसऱ्याला आलेले गावकरी होते. मागणी आली होती ती चौथ्या भारतीय डिव्हिजनकडून. जनरल टकर यांचं म्हणणं होतं की मुळात हा डोंगर टाळून जा, आणि टाळायचा नसेल तर आधी मठ पाडा. टाळला नाही, पाडला, आणि मग पडलेल्या दगडांच्या आडोशाला जर्मन छत्रीधारी सैनिक येऊन बसले. म्हणजे पाडून किल्ला तयार करून दिला. राजपुताना रायफल्स आणि गुरखा त्या उतारावर कापले गेले. मार्चमध्ये ९ व्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन मठाच्या खालच्या टेकाडावर, ज्याला सैनिक फाशीचा डोंगर म्हणत, जवळजवळ आठवडाभर अडकून राहिली. शेवटी १८ मे रोजी पोलिश सैनिक वर पोचले. त्यांचं स्मशान मठाच्या शेजारच्या उतारावर आहे. जनरल अँडर्स यांनाही १९७० साली त्यांच्याच पोरांमध्ये पुरलं. या पोलिश सैनिकांतल्या बहुतेकांना घर उरलं नाही, कारण याल्टाच्या परिषदेत त्यांचा देश स्टालिनच्या पदरात पडला होता.

मठ जसा होता तसा पुन्हा बांधलाय. इतका गुळगुळीत की काही झालंच नव्हतं असं वाटावं. मला तो फार वेळ बघवला नाही.

खाली गावाबाहेर राष्ट्रकुलाचं युद्धस्मशान. चार हजार दोनशेहून जास्त कबरी, आणि मधे पाण्याच्या लांबट हौदाच्या दोन्ही बाजूंना हिरवट संगमरवराच्या उभ्या शिळा. ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांवर लोकांची नावं त्यांच्यावर आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीची यादी बायकोने शोधली. शिंदे, पवार, मोरे, सावंत, कदम, जाधव. गावाकडच्या शाळेतली हजेरी वाचावी तशी ती बोट ठेवून वाचत गेली. त्यात नाईक यशवंत घाडगे. नावाशेजारी व्हिक्टोरिया क्रॉसची दोन अक्षरं. ते पडले इथून अडीचशे-तीनशे किलोमीटर उत्तरेला, पण कबर नाही म्हणून नाव इथे.

मोंतोने, रविवार

रोम ४ जून १९४४ ला पडलं. अमेरिकन जनरल मार्क क्लार्कना जर्मन दहाव्या सैन्याची वाट अडवण्यापेक्षा रोममध्ये पहिलं पोचण्याची घाई होती, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मन निसटले आणि पुढचं जवळपास वर्षभर त्यांच्याशीच लढावं लागलं. बरं, ती हौससुद्धा दीड दिवसच टिकली. ६ जूनला नॉर्मंडीत फौजा उतरल्या आणि इटली वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेली. त्यात दक्षिण फ्रान्सच्या मोहिमेसाठी इथून सात डिव्हिजन काढून घेतल्या. उरलेल्यांनी करायचं काय, तर जर्मनांना गुंतवून ठेवायचं. आपल्या पलटणींचं या देशातलं मोठं काम सुरू होतं ते इथून, म्हणजे जगाचं लक्ष उडाल्यावर.

टायबर नदी, इथले लोक तेवेरे म्हणतात, रोममध्ये गढूळ आणि रुंद आहे. पेरुजियाच्या वर ती एवढीशी होते आणि दोन्ही बाजूंना एकामागून एक डोंगराच्या सोंडा. प्रत्येक सोंडेवर एक दगडी गाव. दहाव्या भारतीय डिव्हिजनने जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तिदे आणि मोंतोने घेतलं. डिव्हिजनचे जनरल डेनिस रीड हे मूळचे मराठ्यांचेच. १९४१ साली इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर मराठ्यांची तिसरी बटालियन चढली तेव्हा तिचे कमांडर हेच होते. मधल्या काळात कैदेत पडले, निसटले, आणि परत आले. तीच तिसरी बटालियन त्यांच्या हाताखाली या खोऱ्यात होती.

१० जुलै १९४४. घाडगे बावीस वर्षांचे, रायगडमधल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, पळसगाव-आगरवाडीचे. एका जर्मन ठाण्यावर हल्ला करताना अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्या सेक्शनमधले ते सोडून सगळे ठार किंवा जखमी. मागे यायला कुणी नाही. ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकून गन आणि गन चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. टॉमीगनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. नळीकडून बंदूक धरून त्यांनी उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. आणि मग लपलेल्या जर्मन नेमबाजाच्या गोळ्या लागून तिथेच पडले. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

हे मानपत्रात तीन-चार ओळींत आहे. मोंतोनेच्या तटावरून समोरचे उतार बघताना ते मला वेगळं वाटलं. झाडी दाट, चढ अंगावर येणारा, आणि ओकच्या रानात पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही. मशीनगन दिसेपर्यंत तुम्ही तिच्यासमोरच असता.

गावाने २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, एक सावलीचं घड्याळ. ‘एकाच सूर्याखाली आपण सगळे’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा ढग होते, त्यामुळे वेळ काही कळली नाही. बायको म्हणाली, “माणगावातल्या त्यांच्या पुतळ्यापाशी आपण दर मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अडकतो, कधी उतरलोय का?” मेव्हण्याने घड्याळ बघितलं. त्याचं स्वतःचं. पावणेएक झाला होता.

जेवायला उंबेर्तिदेत उतरलो. २५ एप्रिल १९४४ ला दोस्तांची विमानं इथला पूल उडवायला आली होती. बॉम्ब पडले शेजारच्या वस्तीवर. सत्तरेक माणसं गेली. दोन महिन्यांनी त्याच बाजूचं सैन्य गावात मुक्तिदाते म्हणून आलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, पण कशा मनाने?

मोंतेगुफोनी आणि फ्लॉरेन्स, सोमवार

हा दिवस माझ्या हट्टाचा. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला, द्राक्षमळ्यांमध्ये मोंतेगुफोनीचा वाडा आहे. आता तिथे सुट्टीला राहायच्या खोल्या आणि पोहण्याचा तलाव. १९४४ मध्ये त्याच्या तळमजल्यावर उफिझी संग्रहालयाची निवडक चित्रं भिंतींना टेकवून ठेवलेली होती. शहरावर बॉम्ब पडतील म्हणून ती गावोगावच्या वाड्यांत हलवली होती. वाड्यात आसऱ्याला आलेले शेतकरी, त्यांची पोरंबाळं, मधेच जर्मन सैनिकांचा मुक्काम, आणि या सगळ्यात चेझारे फासोला नावाचे उफिझीचे ग्रंथपाल. ते चालत, लढाईची रेषा ओलांडून चित्रं सांभाळायला येऊन बसले होते. जर्मनांनी गिरलांदायोचं एक गोल चित्र आडवं टाकून टेबल म्हणून वापरलं होतं.

जुलैच्या अखेरीस आठवी भारतीय डिव्हिजन इथे पोचली. तिच्यात मराठ्यांची पहिली बटालियन होती, आणि त्या मराठ्यांनी वाड्यात तळ ठोकला. पाठोपाठ लेखक एरिक लिंक्लेटर आणि बीबीसीचे वॉन-थॉमस तिथे फिरत आले, तर समोर बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’. बाजूला जोत्तोची मेरी, उचेल्लोची सान रोमानोची लढाई. तिथून पुढे या खोल्यांवर पहारा बसला तो मराठा जवानांचा.

वाड्याच्या अंगणात उभा राहून मी त्या पहाऱ्यावरच्या माणसाचा विचार करत होतो. खटाव किंवा चिपळूणकडचा असेल. सांगितलंय की या खोलीत कुणाला सोडायचं नाही. आत मोठमोठ्या फळ्या, त्यांवर झिरझिरीत कपड्यांतल्या बाया आणि संत्र्यांची झाडं. बाहेर तोफा. रात्रीची ड्युटी. त्याने नक्की काय पाहिलं आणि मित्राला काय सांगितलं, हे मला ‘प्रिमावेरा’वरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त ऐकायला आवडलं असतं.

दुपारी उफिझीत ते चित्र बघितलं. दहा फूट रुंद आहे. समोर इतकी गर्दी की पहारेकऱ्याची आत्ताच जास्त गरज.

संध्याकाळी आर्नो नदीवर. ३ ऑगस्टच्या रात्री जर्मनांनी शहरातले सगळे पूल उडवले, फक्त पोंते वेक्किओ सोडून. सांता त्रिनिता पूल नंतर नदीतून काढलेल्या मूळ दगडांनी १९५८ मध्ये पुन्हा उभा केला. त्यावरच्या वसंताच्या मूर्तीचं डोकं मात्र १९६१ पर्यंत सापडत नव्हतं. शेवटी नदीच्या तळाशी मिळालं.

नदीकाठाने तसंच पश्चिमेला गेलं की कास्चिने उद्यानाच्या टोकाला एक छत्री आहे, आणि तिच्याखाली कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला, विशीतच, ते फ्लॉरेन्समध्ये वारले आणि दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. युद्धाशी याचा संबंध नाही. पण बायको कोल्हापूरची, त्यामुळे टाळणं शक्य नव्हतं.

फुता खिंड, मंगळवार

पाऊस, धुकं आणि वळणं. बायकोला गाडी लागली. फ्लॉरेन्स-बोलोन्या जुन्या रस्त्यावरची ही खिंड गॉथिक लाइनचा भाग होती, जर्मनांची या देशातली शेवटची मोठी संरक्षक फळी. वर तीस हजारांवर जर्मन सैनिकांचं स्मशान आहे, डोंगराला वेढे घालत चढत जाणारं. सपाट दगड, एकेका दगडाखाली दोघं, जन्मसालं १९२४, १९२५, १९२६. तसं पाहिलं तर घाडग्यांपेक्षाही लहान.

याच डोंगररांगेत, मोंते सोलेच्या गावांत, सप्टेंबर-ऑक्टोबर १९४४ मध्ये हिटलरच्या एसएस दलाने पाचेक दिवसांत सातशेहून जास्त गावकरी मारले. बायका, पोरं, पाद्री. तिकडे जायचं ठरलं होतं. पावसाने नाही जाता आलं.

प्रेदाप्पिओ आणि फोर्ली, बुधवार

मुसोलिनीचा जन्म प्रेदाप्पिओचा, आणि पुरलंयही तिथेच. मुख्य रस्त्यावर त्याच्या चेहऱ्याच्या बाटल्या, कॅलेंडरं, चावीच्या साखळ्या विकायला. मेव्हणा म्हणाला, “थांबू नका, यांचा धंदा थांबणाऱ्यांवरच चालतो.” त्याचं हे एक वाक्य मी सहलभर ऐकलेल्या सगळ्या माहितीपेक्षा शहाणपणाचं मानतो.

तिथून पंधरा किलोमीटरवर फोर्ली. आणि फोर्लीत भारतीय सैन्याचं युद्धस्मशान. कबरी पाचशेला चार कमी, शिवाय ज्यांना अग्नी दिला अशा जवळजवळ आठशे हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक. मुसलमान सैनिकांच्या दगडांवर अरबी ओळ, हिंदूंच्या दगडांवर ‘ॐ भगवते नमः’. गवत कातरलेलं, गुलाब छाटलेले, आमच्याखेरीज कुणी नाही. भिंतीतल्या पितळी दाराच्या कप्प्यात अभिप्रायाची वही होती. बायकोने मराठीत लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

इटलीतल्या भारतीय सैन्याची हानी तेवीस हजारांवर, त्यात ठार ५,७८२. इथे दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्याचे. हे सगळे ज्या सरकारसाठी लढले त्याच सरकारविरुद्ध त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं. एकाच गावात एक भाऊ भूमिगत आणि एक भाऊ पलटणीत, असं आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकलंय. कोण बरोबर, हा वाद कुणी घातल्याचं ऐकलं नाही. मनीऑर्डर तर दोघांच्याही आईला हवीच होती.

लुगो, गुरुवार

सेनिओ नदी बघून मेव्हणा म्हणाला, “ही?” पाणी पंधरा फूट रुंद असेल. पण दोन्ही काठांना पूर अडवायला बांध घातलेत, ते तीस फुटांहून उंच, अंगावर येणारे. १९४४-४५ चा हिवाळाभर जर्मनांनी त्या बांधांत आतून-बाहेरून बिळं खणून ठाणी केली होती, पाण्यालगत सुरुंग पेरले होते. आठव्या डिव्हिजनचं ब्रीदच होतं, ‘अजून एक नदी’. सांग्रो, गारी, आर्नो झाल्या होत्या, आता ही.

९ एप्रिल १९४५. कंपनी कमांडरबरोबरची तुकडी नदीतून पलीकडे निघताना माऱ्यात सापडली आणि जवळपास संपली. शिपाई नामदेव जाधव कंपनी कमांडरचे रनर, म्हणजे निरोप नेणारे, होते, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. त्यांनी एका जखमीला खांद्यावर घेऊन छातीइतक्या पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. परत गेले, दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेले ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यांवर. हाताला गोळी लागली तेव्हा टॉमीगन टाकून ग्रेनेड फेकत राहिले. तीन ठाणी गप्प केल्यावर बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्यांना हाताने बोलावून घेतलं.

त्याच दिवशी, याच नदीवर, कोहाटकडच्या अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे. २ मे रोजी इटलीतलं युद्ध संपलं. पुढच्या वर्षी इटालियनांनी, बायकांसकट, मतदान करून राजा घालवला. १९४७ च्या तहात आफ्रिकेतल्या वसाहती गेल्या. आणि त्याच वर्षी अली हैदर यांची पलटण पाकिस्तानात गेली, नामदेव जाधवांची भारतात राहिली. जाधव १९८४ पर्यंत जगले.

बांधाचा एक तुकडा नवा दिसतो. २०२३ च्या मे महिन्यात नद्यांनी या भागात बांध फोडले, लुगोत पाणी शिरलं. युद्धात या बांधांची जी चाळण झाली, तीही मागाहून पुन्हा बुजवलेली.

लुगोच्या चौकात पहिल्या महायुद्धातला वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याचं भलंमोठं स्मारक आहे. फेरारीवरचा उधळलेला घोडा मूळचा याच्या विमानावरचा. समोरच्या बारमध्ये कॉफी घेत होतो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी कुठले म्हणून विचारलं. ऐंशीच्या पुढचे असावेत. मेव्हण्याने आमचं येण्याचं कारण सांगितलं. मला वाटलं आता आभार मानतील. ते बराच वेळ बोलले, हातवारे करत, जरा चिडूनच.

“काय म्हणतायत?”

“म्हणतायत, घर जर्मनांनी नाही पाडलं. ९ एप्रिलला तुमच्या बाजूच्या तोफांनी पाडलं. गोठा गेला, दोन गायी गेल्या. जर्मनांनी फक्त डुक्कर नेलं होतं.” त्याने पुन्हा ऐकून घेतलं. “विचारतायत, भरपाई कुणाकडे मागायची?”

मी म्हटलं, “सांग त्यांना, लंडनला अर्ज करा. आणि रांग मोठी आहे म्हणावं, आम्ही पुढेच उभे आहोत.”